खालचे सात ठिपके

“पुन्हा लाव,” जयसिंग म्हणाला.

करुणानं बटण दाबलं. संगणकाच्या पडद्यावर भीमेचं वळण उमटलं, काठावरचं गाव ठिपक्यांनी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांनी भरलं. वरच्या अंगाचा पहिला ठिपका हिरवा झाला, मग त्याच्या शेजारचा, मग पलीकडचा. बघता बघता सगळं गाव हिरवं झालं. नदीलगतचे सात ठिपके तेवढे लालच राहिले.

दौंडजवळच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात सकाळपासून हाच खेळ चालला होता. एकेक ठिपका म्हणजे पाण्याची चाहूल घेऊन पुराचा निरोप पुढं देणारं एक छोटं बिनतारी यंत्र. ही यंत्रं घराघरांवर बसायची होती, पण अजून ती फक्त संगणकात होती. निरोप कुठल्या पद्धतीनं लवकर पोचतो आणि कुठल्या पद्धतीत बॅटरी टिकते, ते आधी इथं पडताळायचं. उद्या पाटबंधारे खात्याचे साहेब बघायला येणार होते. त्यांना पटलं तर कोरेगाव भीमापासून दौंडपर्यंत नदीकाठी खरी यंत्रं लागणार होती. नाही पटलं तर सगळी मेहनत फुकट.

जयसिंगचा जीव या कामात अडकला होता, कारण गाव त्याचंच होतं, वडगाव रासाईच्या खालच्या अंगाचं. बारा वर्षांपूर्वी एका पहाटे धरणातून पाणी सोडल्याचा फोन आला तो त्याच्या वडिलांना, पोपटरावांना, म्हणजे आबांना. मोबाइल अजून आले नव्हते, गावात तेवढा एकच फोन होता. आबांनी कंदील घेऊन गाव जागं केलं. जयसिंग तेव्हा पुण्यात शिकत होता. पुढं तालुक्याला आबांचा सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला. नदीलगतच्या बौद्ध वस्तीतली बरीच माणसं मात्र वाहून गेली. “पाणी माझ्याआधी पोचलं,” एवढंच आबा म्हणायचे आणि उठून जायचे. मागच्या वर्षी ते वारले. पहिला ठिपका आपल्या घरावर असावा आणि यंत्रणेला आबांचं नाव द्यावं, हे जयसिंगनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

करुणा त्याच वस्तीतली. तिची आई धुरपदा आणि धाकटा भाऊ त्या पुरात गेले. ती मामाकडं कोरेगाव भीमाला होती म्हणून वाचली. पोरगी हुशार, पण बोलणं कमी. जयसिंगनं तिला एमईला आपणहून हाताखाली घेतलं होतं. आबांच्या हातून जे राहिलं ते हिच्या हातून व्हावं, असं त्याला मनापासून वाटे.

एव्हाना तीन पद्धती लावून झाल्या होत्या. सगळ्यांनी सगळ्यांना ओरडून सांगायची एक. टोळ्या करून प्रत्येकीला म्होरक्या नेमायची दुसरी. एकानं दुसऱ्याला, अशी साखळीची तिसरी. खालचे सात ठिपके काही केल्या हिरवे होईनात.

“बॅटरी बघितलीस?”

“भरलेली हाय, सर.”

“अंतर?”

“हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच.”

“मग निरोप अडतोय कुठं? कुठल्या घराची रेंज कुठल्या घरापर्यंत पोचते ते तू गावात फिरून टिपलंस ना?”

“घर अन् घर फिरले, सर.”

“मग मोजताना चुकली असशील.”

करुणा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

जयसिंग वैतागला. त्यानं माऊस आपल्या हातात घेतला आणि पहिल्या ठिपक्यापासून खालच्या सातांपर्यंत एक रेघ ओढली. पुन्हा लावलं. सातही ठिपके भराभर हिरवे झाले, पाणी पोचायच्या कितीतरी आधी.

“हे बघ! एवढी एक रेघ विसरलीस आणि सकाळपासून माझं डोकं खाल्लंस.” तो खूप दिवसांनी मोकळं हसला. मग त्याचं तिच्याकडं लक्ष गेलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“अगं, रडतेस काय? सापडली ना चूक!”

“यातला तिसरा ठिपका आमचं घर हाय, सर. आई वाचली असती का, तेवढंच बघायचं व्हतं मला.”

जयसिंगलाही भरून आलं. “वाचली असती गं. उद्या साहेबांना हेच दाखवू.”

“पण ती रेघ खरी न्हाई, सर.”

“म्हणजे?”

“यंत्राची रेंज मी मोजलीच न्हाई. घरोघर जाऊन एवढंच इचारलं, त्या पहाटे तुम्हांला कुणी उठवलं. ज्यानं उठवलं, त्याच्या घरापासून रेघ काढली.” तिनं ओढणीनं डोळे पुसले. “आमच्या वस्तीत जे वाचले, त्यांनाबी इचारलं. आबा आमच्याकडं आलेच न्हाईत, सर.”