करडईचा पिवळा

दोंडाईच्यातल्या सुरेशचंदांच्या घाण्याचं करडईचं तेल इतकं पिवळंधमक, की सुरतेच्या व्यापाऱ्याने मोठी ऑर्डर देण्याआधी जळगावच्या लॅबचा दाखला मागितला. लॅबवाले तेलातून उजेड सोडून बियांची मूळची रंगद्रव्यं मोजतात, आणि वरून घातलेला रंगही पकडतात. तो चिमूटभर रंग तर सुरेशचंद दार लोटून स्वतःच्या हाताने घालायचे! दिवसभर त्यांना गादीवर धड बसवेना. चहा आणला की नको म्हणायचे, नेला की कुठे गेला म्हणून ओरडायचे.

दुपार कलताना मुलाचा, श्रेयांसचा, जळगावहून फोन आला. "पप्पा, पास! रंग मूळचाच निघाला."

दिवस मावळायच्या आत सुरेशचंद खुशीत जेवायला बसले आणि बायकोला म्हणाले, "सुगन, त्या मशीनला काही म्हणता काही कळत नाही. उगाच घाबरलो!"

सुगनबाईंनी शांतपणे पानात भाजी वाढली.


"मशीनला कशाला नावं ठेवता? श्रेयांस घाईत होता, म्हणून लॅबच्या नमुन्याची बाटली मीच स्वयंपाकघरातल्या डब्यातून भरून दिली. आणि घरात तेल मी धनाभाऊंच्या घाण्याचं आणते. नातवंडांना तुमचं कसं खाऊ घालू?"