इथला की तिथला

"ताई, हा गंज इथला की तिथला?"

धाकटीने खुर्ची रिकामी केली आणि थोरलीला हात धरून सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर बसवलं. दोघी बहिणी एकाच प्रयोगशाळेत उल्कांवर काम करायच्या. थोरली विभागाची प्रमुख. उल्का कशी पाहायची, हे धाकटीला तिनेच शिकवलेलं.

पडद्यावर काळपट खनिजाच्या मधोमध लोखंडाचा एक लख्ख कण होता. त्याच्याभोवती नखाच्या कोरीसारखं करडं कडं. कडं म्हणजे लोखंडाला ऑक्सिजन लागल्याची खूण. उल्का पृथ्वीवर पडली की दमट हवेत गंजते, त्यात नवल नाही. पण तो इथला गंज भेगांमधून आत शिरतो. थोरलीची नजर सवयीने भेग शोधू लागली.

भेग नव्हती. कण चहूबाजूंनी बंद होता, काचेत बुडबुडा अडकावा तसा. म्हणजे कडं आधीचं. पृथ्वी जन्माला यायच्याही आधीचं, सूर्याभोवती नुसती धूळ फिरत होती तेव्हाचं. आणि ही उल्का ज्या जातीची, ती जात जिथे घडली तिथे ऑक्सिजनचा दुष्काळ होता, असं आजवर सगळे सांगत आले होते. थोरलीसुद्धा.

उल्केचा हा तुकडा थोरलीचा होता. तिने स्वतः कापलेला, स्वतः घासलेला, कितीदा तरी याच पडद्यावर पाहिलेला. या कणावरून तिची नजर कितीदा घसरून गेली असेल! आणि हिला दिसला. चष्मा डोक्यावर ठेवून खोलीभर चष्मा शोधणाऱ्या हिला. लहानपणीही हेच. समुद्रकाठी थोरली कंबर मोडेपर्यंत शंख वेचायची, आणि धाकटी बसल्या जागी वाळूत हात खुपसून सगळ्यांत देखणा शंख वर काढायची.

"इथला," थोरली म्हणाली.

"नक्की?"

"किती वर्षं कपाटात पडून होता तुकडा. दमट हवा लागली असणार. साधा गंज आहे चिंगे, उगाच नाचू नकोस."

आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

धाकटी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. "बरं," ती म्हणाली. "मग वरचा थर घासून टाकते. खाली काही ताजं मिळतंय का बघू." तिने तुकडा काढून डबीत ठेवला आणि ती बाहेर पडली.

थोरली तिथेच बसून राहिली. कण केसाच्या जाडीहून बारीक होता. चाकावर धरला की चहाचा घोट घेईपर्यंत नाहीसा. मग शोध नाही, अभिनंदन नाही. "अगं, धाकटीने म्हणे काहीतरी मोठं शोधून काढलं!" असा आईचा फोन नाही. थोरलीला फार बरं वाटलं. तेवढ्यात भिंतीपलीकडे घासायचं चाक घरघरायला लागलं.

ती उठली. आधी भराभर चालत निघाली, मग चक्क पळत. वाटेत कुणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारली, तिने मान वळवली नाही.

"थांब! तिथला आहे!" ती दारातूनच ओरडली. "भेग नाहीये त्यात. एकही नाही."

चाक गरगर फिरत होतं, पण कोरडं. पाण्याचा नळ बंद होता, आणि पाणी सोडल्याशिवाय त्या चाकावर कुणी काही घासत नसे. धाकटी बाजूच्या स्टुलावर बसली होती. डबी तिच्या मांडीवर, झाकण घट्ट लावलेली.

"माहितीये मला," ती म्हणाली. "सकाळीच सगळीकडून पाहिला. आधी भेग शोधायची, हे तूच शिकवलंयस ना."

"मग मला कशाला विचारलंस?"

"विचारलं नाही गं. दाखवला. तू सगळ्यांच्या आधी बघावास म्हणून."

थोरली दाराच्या चौकटीला टेकली. तिला धाप लागली होती. "आणि मी आले नसते तर?"

धाकटीने खांदे उडवले. "तर इथला. ठेवून दिला असता परत तुझ्या कपाटात." चहात साखर कमी चालेल म्हणावं, तितक्या सहज ती हे बोलली.

कणाचा हेवा थोरलीने कसाबसा गिळला असता. धाकटीच्या या सहज सोडून देण्याचं काय करायचं, ते तिला कळेना.

"ते चाक बंद कर आधी," ती म्हणाली. "फुकट फिरतंय."