तिसऱ्या मजल्यावरच्या अध्यक्षा

अपघातानंतर कुंदाताई व्हीलचेअरवर आल्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्या अडकल्या त्या अडकल्याच. खिडकी तेवढी उरली.

तिथूनच त्या पाणी सोडणाऱ्याला हाका मारत, नगरसेवकाला फोन करून घंटागाडी बोलावत. खालून सारे विचारत, "ताई, आता काय करायचं?"

रविवारी अंगणात सोसायटीची सभा भरली. "अध्यक्षा कुंदाताईच!" टाळ्या वाजल्या.

"अरे, मी दोन वर्षांत जिना उतरले नाही," ताई खिडकीतून म्हणाल्या. "आणि तुमच्यातलं कुणी चढूनही आलं नाही."

ताईंना वाटलं, उगाच बोलले.

तेवढ्यात तळमजल्यावरचे गणवीरकाका उठले. "चला, सभा वर घेऊ."

जिन्यात पावलं वाजू लागली. ताईंनी घाईघाईने व्हीलचेअर दाराकडे वळवली.