अडकलेली कॅसेट

साहेबांनी वारलेल्या वडिलांची जुनी गाडी माझ्या दुकानात आणली, नवी साउंड सिस्टीम बसवायला. जुना टेप काढला तर आत कॅसेट अडकलेली. टेबलावर वायरी जोडून वाजवली. एक बाप गाडी चालवता चालवता पोराकडून पाढे म्हणवून घेत होता आणि पोरगं सातच्या पाढ्यात सारखं अडखळत होतं.

मी लगबगीनं साहेबांना ऐकवली.

"बाबा आणि मी. टाका हो कचऱ्यात!" ते वैतागले. "आधी बेस दाखवा."

दाखवला. काचा थरथरल्या, साहेबांची छाती बॉनेटएवढी फुगली.

संध्याकाळी त्यांचं स्टेटस पाहिलं. नव्या स्पीकरचा व्हिडिओ, आणि खाली ओळ:

"बाबा, तुमचा आवाज ऐकायला कान आसुसलेत."