खाणीजवळची वस्ती

जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदींवरून दिव्यानी कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करत होती. कोळसा खाणीजवळच्या वस्तीत मृत्यू जवळजवळ नव्हतेच. तिथला दवाखाना हलवायला हरकत नाही, असं तिनं अहवालात लिहून टाकलं. संध्याकाळी त्याच वस्तीतून आईचा फोन आला.

“तुया बाबाचा दम लयच वाढला. गोंडपिपरीले, आपल्या गावाले घेऊन चाललो त्याईले.”

“काऊन वो आई? तिथी दवाखाना आहे ना!”

“डॉक्टरनं हात टेकले. अन् क्वार्टरात कोनी मरते का, पोरी? खाणीतले सारेच आखरीले आपापल्या गावाले जातात.”

तिसऱ्या दिवशी दिव्यानीनं गावच्या नगरपंचायतीत बाबांच्या मृत्यूची नोंद केली.


वस्ती निरोगीच राहिली.