चाकवाल्यांचं गोदाम

"हा पुरवठादार बदला," सर म्हणाले आणि तिच्या तक्त्यातल्या एका आकड्याभोवती त्यांनी लाल पेनाने गोल काढला. "दोन वर्षांपूर्वी चाकं दोन दिवसांत यायची. आता सहा दिवस लागतात. कारण काय?"

तिला ते माहीत नव्हतं.

"मग जाऊन बघा. प्रत्यक्ष पाहणीला वीस गुण आहेत."

वर्गात बाकीचे चार-चारच्या गटांनी बसले होते. ती शेवटच्या बाकावर एकटी. कम्युनिटी कॉलेजातल्या खरेदी आणि पुरवठ्याच्या या कोर्सला सगळी मुलं विशीतली होती आणि ती एक्कावन्नची. मुलं वाईट नव्हती. तिला 'स्टोअरकाकू' म्हणायची, तिच्यासाठी दार उघडून धरायची. फक्त गट पाडायची वेळ आली की सगळ्यांनाच एकदम वहीत काहीतरी महत्त्वाचं सापडायचं. शेवटी सरच म्हणाले होते, "तुम्ही एकट्याने केलंत तरी चालेल." ते तिला जमण्यासारखं होतं. आई गेल्यापासून ती सगळं एकटीनेच करत होती. एका माणसापुरता भात कुकरच्या तळालाच राहतो, हेसुद्धा आता अंगवळणी पडलं होतं.

दवाखान्यातल्या खाटा बनवणाऱ्या कारखान्याचं स्टोअर ती तेवीस वर्षं सांभाळत होती. पाइप, पत्रा, नटबोल्ट, चाकं. मालकांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "कोर्स पुरा करा, खरेदीचं टेबल तुमचं. पहिला अहवाल चाकांचा द्या. त्या माणसाचं काहीतरी बिनसलंय."

त्या माणसाला तिने कधी पाहिलं नव्हतं. अकरा वर्षं नुसता आवाज ओळखीचा. दर सोमवारी दहा वाजता ती फोन करायची.

"भाऊ, चाळीस साधी, चाळीस ब्रेकची."

"लिहून घेतलं, ताई."

काम एवढंच. पण फोन वीस मिनिटं चालायचा. त्यांचा गुडघा, तिची गळकी टाकी, दोघांच्याही आपापल्या घरासमोरचा न बुजणारा खड्डा. भाऊ एकच विनोद दर महिन्याला नव्याने सांगायचे आणि तीही नव्याने हसायची.

शनिवारी ती पत्ता शोधत निघाली. बसमध्ये मांडीवर सरांनी दिलेला पाहणीचा फॉर्म होता. कामगार किती, यंत्रं किती, साठा किती. तिची नजर मात्र खिडकीबाहेर होती. अकरा वर्षांच्या ओळखीच्या माणसाला 'आता तुमचा माल नको' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

गोदामाचं शटर अर्धंच वर होतं. ती वाकून आत शिरली आणि तशीच उभी राहिली. लांबलचक रॅक रिकामे होते. जमिनीत यंत्रांचे बोल्ट तेवढे उरले होते. पार टोकाला एक टेबल, त्यावर एक फोन, आणि एक कृश, पांढऱ्या केसांचा माणूस. त्याच्यासमोर चाकांचा ढीग होता. तो एकेक चाक उचलायचा, बोटाने फिरवायचा, कानाशी नेऊन ऐकायचा, ब्रेक दाबून बघायचा आणि खोक्यात ठेवायचा. शेजारी दुसऱ्याच कंपनीची फोडलेली खोकी पडली होती.

"कोण हवंय?" त्याने विचारलं. आवाज तोच.

"चाळीस साधी, चाळीस ब्रेकची," ती म्हणाली.

तो इतक्या घाईने उठला की खुर्ची मागे पडली. "ताई? अहो, कळवायचं तरी!" त्याने ती खुर्ची उचलली, बाहीने पुसली आणि तिच्यापुढे ठेवली. दुसरी खुर्ची नव्हती.

"यंत्रं कुठे गेली, भाऊ?"

"विकली. कारखाना बंद करून दोन वर्षं झाली."

"मग आमचा माल?"

"बाजारातून आणतो. बसने तीन खेपा होतात. मग तपासतो, भरतो, पाठवतो. गुडघ्यामुळे दिवस जरा जास्त लागतात."

"आणि यातून तुम्हाला सुटतं काय?"

"काही नाही."

"मग कशासाठी?"

भाऊ टेबलाला टेकून उभे राहिले. "बंद केलं तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं. तुम्हालाही सोमवारी सांगणारच होतो. पण तुमचा फोन आला आणि जीभच उचलेना. या फोनवर आता दुसऱ्या कोणाचा फोन येत नाही, ताई."

ती फॉर्मकडे बघत राहिली. 'विलंबाचे कारण' या रकान्यापुढे दीड ओळ मोकळी होती.

"लिहा, बिनधास्त लिहा," भाऊ म्हणाले. "चूक माझीच आहे."

"हा माल आता थांबवावा लागेल, भाऊ."

"हो, ते तर झालंच." ते उगाचच एक चाक फिरवत राहिले. "नाहीतरी आजकाल सगळीकडे बटण दाबलं की ऑर्डर जाते म्हणे. तुमच्याकडेही येईलच आता तो कॉम्प्युटर."

तिने पेनाला टोपण लावलं.

"येऊन चार वर्षं झाली, भाऊ," ती म्हणाली. "फोन करायची मला तरी कुठे गरज होती?"