जड रिव्हॉल्व्हर

"डबा उडाला तर नवऱ्याकडे जंगलात जा. नाहीतर इथंच नागपुरात राहा," बंदुकीच्या दुकानामागच्या अंगणात मामंजींनी मला बजावलं. तेव्हा लग्नाला तीनच महिने झाले होते. हे रेंजर, सतत फिरतीवर. तिथल्या सरकारी बंगल्यात मी एकटीच असणार, म्हणून माझ्या नावे परवाना काढला होता.

दुकानदारानं पर्समध्ये मावेल असं चिमुकलं, पांढऱ्या मुठीचं रिव्हॉल्व्हर दिलं. "नाजूक हातांना हेच शोभतं," मामंजी म्हणाले. मी चाप ओढला. त्या चिमुरड्यानं असा झटका दिला की नळी आभाळाकडे गेली आणि डबा जागचा हलला नाही. मला रडूच फुटलं.

"अहो, हलका बत्ता कुटायला घेतला की तोच उड्या मारतो," म्हणत सासूबाई पुढे झाल्या. जन्मात बंदूक न धरलेल्या त्या बाईनं टेबलावरचं एकेक रिव्हॉल्व्हर वांग्यासारखं हातात तोलून पाहिलं आणि सगळ्यात जड होतं ते मला दिलं. "दोन्ही हातांनी धर."

या वेळी झटका मनगटातच जिरला. डबा टणकन उडाला! रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून मी मामंजींसमोरच गिरकी घेतली.

"आता मी," सासूबाईंनी पदर खोचला. त्यांची गोळी मागच्या मातीच्या ढिगात घुसली. त्यांचा चेहरा मात्र लहान मुलीसारखा फुलला.

"नेम चुकला," मामंजी हसले.

"म्हणजे सराव हवा," सासूबाई माझ्याकडे वळल्या. "काय गं, तुमच्या बंगल्यात खोल्या किती?"